किती रुग्ण येतील? विषबाधेची मॉडेलं आणि लष्करी वैद्यकीय नियोजन

मागच्या काही व्याख्यानांमध्ये आपण साथींच्या गणिताबद्दल बोललो. आजचा विषय त्याच्या शेजारचाच आहे, पण त्याच्यावर मराठीत फारसं बोललं जात नाही. विषारी वायूचा हल्ला झाला, किंवा युद्धात एखादा रासायनिक कारखाना फुटला, तर लष्कराच्या डॉक्टरांनी किती खाटा, किती व्हेंटिलेटर, किती औषध तयार ठेवायचं? हा आकडा कुठून येतो?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आज आपण कुठल्याही रसायनाच्या घातक मात्रांचे आकडे बघणार नाही, त्याची गरजही नाही. आपल्याला बघायचं आहे ते आकड्यामागचं तर्कशास्त्र. कारण होतं असं, की हवेत वायू किती होता हे तेच, माणसं तीच, तरी दोन मॉडेलं दोन वेगळी उत्तरं देतात. आणि त्या दोन उत्तरांमधला फरक म्हणजे दीडशे खाटा असू शकतो. तेव्हा मॉडेल कुठलं निवडायचं हा गणितज्ञांचा घरगुती वाद राहत नाही, तो रुग्णाच्या जिवाचा प्रश्न होतो.

सुरुवात: हाबरचा नियम

२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधलं ईप्र हे गाव. जर्मन सैन्याने सिलिंडर उघडून क्लोरीन वायू वाऱ्यावर सोडला. या कामाच्या मागे होते रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर. तेच हाबर, ज्यांच्या शोधामुळे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया आणि पुढे रासायनिक खत बनवता आलं, आणि ज्यांना १९१८ चं नोबेल मिळालं.

हाबर यांनी वायूंची तुलना करायला एक सोपा नियम मांडला. हवेतलं वायूचं प्रमाण गुणिले माणूस त्या हवेत किती वेळ होता. हा गुणाकार सारखा, तर परिणाम सारखा. म्हणजे दुप्पट प्रमाणात पाच मिनिटं आणि निम्म्या प्रमाणात वीस मिनिटं, दोन्ही एकच. याला हाबरचा नियम म्हणतात. सोपा आहे, लक्षात राहतो, आणि शंभर वर्षं झाली तरी वापरात आहे.

पण तो खरा कधी ठरतो? शरीर जर विषाचं काहीच करू शकत नसेल, ते फक्त साठत जात असेल, तरच. प्रत्यक्षात शरीर स्वस्थ बसत नाही. ते विष फोडतं, बाहेर टाकतं, इजा भरून काढतं.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. तेवढाच पाऊस सबंध महिनाभर थोडा थोडा पडला असता, तर मुंबईकरांनी छत्री उघडली असती आणि लोकल पकडली असती. एकूण पाणी तेच. फरक गटारांचा. गटारं दर तासाला ठरावीक पाणी वाहून नेतात, त्याच्या वर गेलं की तुंबतं. शरीराचंही तसंच आहे. हाबरचा नियम फक्त एकूण पाणी मोजतो, गटारं मोजत नाही.

दुसरं पाऊल: विषभार

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे जे मॉडेल आलं त्याला टॉक्सिक लोड म्हणतात. आपण त्याला विषभार म्हणू. १९८६ मध्ये टेन बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली आणि दाखवलं, की बऱ्याच वायूंसाठी प्रमाणाला एक घातांक लावावा लागतो. म्हणजे प्रमाणाचा अमुक एक घात, गुणिले वेळ. घातांक १ असेल तर तो हाबरचाच नियम. घातांक जितका मोठा, तितकं 'थोडा वेळ पण जोरात' हे 'बराच वेळ पण सौम्य' यापेक्षा जास्त घातक.

क्लोरीनसाठी त्यांनी काढलेला घातांक सुमारे २.७५ होता. याचा अर्थ काय ते करून बघू. हवेतलं प्रमाण निम्मं केलं आणि वेळ दुप्पट केली. हाबर म्हणतील, काहीच बदललं नाही. विषभाराचं मॉडेल म्हणेल, भार जवळजवळ साडेतीन पटींनी कमी झाला. नेमकं सांगायचं तर ३.३६ पट. एकच घटना, आणि दोन मॉडेलांत तिपटीहून जास्त फरक!

आता यात एक खाचखळगा आहे. प्रयोगशाळेत हवेतलं प्रमाण स्थिर ठेवलेलं असतं. मैदानावर वारा असतो, वायूचे लोट येतात आणि जातात. मग विषभार मोजायचा कसा? समजा घातांक २ आहे. एका सैनिकाला दहा मिनिटं सलग २ एकक प्रमाण लागलं. त्याचा भार झाला ४ गुणिले १०, म्हणजे ४०. दुसऱ्याला पाच मिनिटं ४ एकक लागलं आणि पाच मिनिटं शुद्ध हवा मिळाली. दोघांची सरासरी तीच, २ एकक. पण दुसऱ्याचा भार १६ गुणिले ५, म्हणजे ८०. आधी सरासरी काढून मग घात घेतला तर हा दुसरा सैनिक आपल्याला पहिल्यासारखाच दिसतो. आधी घात घेऊन मग बेरीज केली तर त्याचा भार दुप्पट दिसतो. म्हणून 'आम्ही विषभार मॉडेल वापरतो' एवढं सांगून भागत नाही. कुठल्या पद्धतीने वापरता, हे विचारावं लागतं.

तिसरं पाऊल: सगळी माणसं सारखी नसतात

आत्तापर्यंत आपण एका माणसाबद्दल बोललो. पण नियोजन हजारो माणसांचं असतं. एकाच मात्रेला कोणी कोसळतो, कोणाला नुसता खोकला येतो. ही विविधता पकडायला जी पद्धत वापरतात तिचं नाव प्रॉबिट. चार्ल्स ब्लिस यांनी १९३४ मध्ये ती मांडली, तीही कीटकनाशकांच्या अभ्यासातून.

प्रॉबिटला दोन गोष्टी लागतात. पहिली, मध्य मात्रा. म्हणजे अशी मात्रा, जिच्यामुळे शंभरातल्या पन्नास जणांवर परिणाम होतो. दुसरी गोष्ट म्हणजे उतार. उतार सांगतो की मात्रा थोडी कमी-जास्त झाली तर बाधितांचं प्रमाण किती झपाट्याने बदलतं. उतार तीव्र असेल तर सगळी माणसं जवळपास सारखी वागतात. उतार मंद असेल तर माणसामाणसांत खूप फरक आहे.

चर्चा बहुतेक वेळा मध्य मात्रेवरच होते. पण डॉक्टरांच्या दृष्टीने उतार तितकाच महत्त्वाचा, कधीकधी जास्तच. हे एका काल्पनिक तळावर करून बघू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, कुठल्याही खऱ्या विषाचे नाहीत.

तळावर २००० माणसं. ढग वरून गेला. अगदी जवळच्या १०० जणांना मध्य मात्रेच्या दुप्पट मात्रा लागली. ४०० जणांना बरोबर मध्य मात्रा. उरलेले १५०० कडेला होते, त्यांना मध्य मात्रेच्या निम्मी.

पहिलं मॉडेल, उतार मंद, समजा ४. जवळच्या १०० पैकी ८९ बाधित, मधल्या ४०० पैकी २००, आणि कडेच्या १५०० पैकी १७१. एकूण ४६०.

दुसरं मॉडेल, उतार तीव्र, समजा १०. जवळचे १०० च्या १०० बाधित, मधले २००, आणि कडेचे फक्त २. एकूण ३०२.

तिसरं मॉडेल सगळ्यांत सोपं, उंबरठ्याचं. मध्य मात्रा किंवा त्याहून जास्त लागली तर बाधित, कमी लागली तर ठणठणीत. जवळचे १००, मधले ४००, कडेचे शून्य. एकूण ५००.

आता बघा. मध्य मात्रा तिन्हींत तीच आहे. तरी पहिल्या दोघांत १५८ रुग्णांचा फरक, आणि तो जवळजवळ सगळा कडेच्या लोकांमधला. हे असंच होतं, कारण ढगाच्या मध्याशी थोडी माणसं असतात आणि कडेला पुष्कळ. मोठ्या गर्दीला लागलेली छोटी मात्रा, हेच इस्पितळाचं खरं ओझं असतं.

आणि दुसरी, जास्त फसवी गोष्ट. मंद उताराचं मॉडेल ४६० सांगतं, उंबरठ्याचं ५००. आकडे जवळ आले म्हणून कोणी म्हणेल, चला, दोन्ही मॉडेलं जुळली. अजिबात नाही! एका मॉडेलमध्ये १७१ रुग्ण अशा भागातले आहेत जिथे दुसरं मॉडेल म्हणतं की एकही रुग्ण नाही. रुग्णवाहिका कुठे पाठवायच्या, शोधपथकं कुठे न्यायची, याचं उत्तर संपूर्ण बदलतं. म्हणून नुसत्या बेरजा ताडून मॉडेलांची तुलना कधीही करू नये.

चौथं पाऊल: घड्याळ

'किती' हा प्रश्न झाला. डॉक्टरांना त्याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, 'कधी'?

२ डिसेंबर १९४३. इटलीतलं बारी बंदर. जर्मन विमानांनी दोस्तांच्या जहाजांवर बाँबफेक केली. त्यातल्या 'जॉन हार्वे' नावाच्या अमेरिकन जहाजावर मस्टर्ड या रसायनाचे बाँब होते, आणि ही गोष्ट गुप्त होती. रसायन समुद्रात सांडलेल्या तेलात मिसळलं. खलाशांना पाण्यातून ओढून काढलं, तेव्हा ते तेलाने माखलेले, थंडीने कुडकुडणारे होते. वैद्यकीय पथकांना वाटलं, हा बुडण्याचा आणि धक्क्याचा परिणाम. कपडे न बदलता अनेकांना तसंच ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं. काही तासांनी डोळे सुजले, दिसेनासं झालं, कातडीवर फोड आले. लेफ्टनंट कर्नल स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांना तपासासाठी पाठवलं, त्यांनी मस्टर्ड ओळखलं. मस्टर्डची लक्षणं असलेले ६२८ जण रुग्णालयात दाखल होते, त्यांतले ८३ महिन्याअखेरपर्यंत दगावले.

पहिल्या तासात या रुग्णांकडे बघून कोणीही म्हणालं असतं, विषबाधा शून्य. मस्टर्ड काही तासांनी लक्षणं दाखवतं. फॉस्जीनमध्ये तर माणूस आधी बरा वाटतो आणि नंतर फुप्फुसात पाणी भरायला लागतं. जे मॉडेल शेवटी फक्त एक टक्केवारी देतं, त्यात हे घड्याळ नाही.

म्हणून नाटोने आपल्या नियोजनाच्या मार्गदर्शिकेत वेगळी वाट धरली. ती आधी एएमेडपी-८ या नावाने होती, पुढे एएमेडपी-७.५ झाली. तिथे मात्रेच्या टप्प्यांनुसार इजेचा आलेख मांडलेला असतो. अमुक मात्रा लागलेल्या माणसाला किती वेळाने, किती तीव्र लक्षणं दिसतील. त्यावरून माणूस कधी 'जखमी' धरायचा, कधी 'उपचारादरम्यान मृत', हे ठरतं. आणि एक महत्त्वाची मुभा आहे, ती म्हणजे कुठल्या तीव्रतेपासून माणसाला रुग्ण मानायचं, हे वापरणाऱ्याने ठरवायचं. सौम्य लक्षणांपासून मोजलं तर आकडा मोठा येतो, गंभीर लक्षणांपासून मोजलं तर लहान. दोन्ही बरोबर. फक्त प्रश्न वेगळे आहेत.

मग खरं कुठलं?

मॉडेलची परीक्षा वास्तवात होते. ६ जानेवारी २००५ ला अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रॅनिटव्हिल गावी मालगाडीचा अपघात झाला आणि क्लोरीनचा एक टँकर फुटला. सुमारे ६० टन क्लोरीन बाहेर पडला. ९ माणसं मेली, ५०० हून जास्त लोकांना उपचार लागले. प्रत्येक मृत्यू दुःखद, यात वाद नाही. पण प्रचलित मॉडेलं चालवली, तर अशा अपघातांत प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त माणसं दगावायला हवी होती.

का? कारणं दोन्ही बाजूंना आहेत. काही ढगाच्या बाजूने. क्लोरीन झाडांवर, मातीवर, भिंतींवर रासायनिक क्रिया होऊन संपतो. लोक घरात असतात, दारं-खिडक्या बंद करतात, पळून जातात. हे तपासायला अमेरिकेत यूटामधल्या डगवे इथे २०१५ आणि २०१६ मध्ये जॅक रॅबिट २ नावाचे मोठे प्रयोग झाले. काही कारणं विषशास्त्राच्या बाजूने. बरीच आकडेवारी प्राण्यांवरून आलेली, आणि प्राण्यावरून माणसावर उडी मारताना सावधगिरी म्हणून आकडा खाली ओढलेला असतो.

इथे एक नेहमीची गफलत सांगतो. नागरी सुरक्षेसाठी धोक्याच्या मर्यादा ठरवलेल्या असतात. अमेरिकेतल्या एईजीएल मर्यादा हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्या लहान मुलं, वृद्ध, दम्याचे रुग्ण यांना धरून, मुद्दाम सुरक्षिततेच्या बाजूला झुकवलेल्या असतात. वस्ती कुठपर्यंत हलवायची यासाठी त्या उत्तम. पण 'त्या रेषेच्या आत जितकी माणसं तितके रुग्ण' असं धरलं तर आकडा फुगतोच. पुलावर पाटी असते, दहा टनांपेक्षा जड वाहनांना बंदी. याचा अर्थ अकराव्या टनाला पूल कोसळतो असा नाही.

उलट बाजूही आहे. लष्करी मॉडेलं धडधाकट, तरुण सैनिक धरून बनवलेली असतात. तीच शेजारच्या गावाला लावली, तर आकडा कमी येईल. शिवाय सैनिक काय करतोय यावरही ठरतं. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ८ ते १० लिटर हवा घेतो. जड ओझं घेऊन धावणारा ४० लिटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे हवा तीच, आणि आत जाणारं विष चौपट.

रुग्ण आणि दारात आलेला माणूस

शेवटचा मुद्दा. २० मार्च १९९५, तोक्यो भुयारी रेल्वे, सारिनचा हल्ला. सुमारे साडेपाच हजार लोक वैद्यकीय मदतीसाठी गेले. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात पहिल्या दिवशी ६४० जण आले. त्यांतले ५ अत्यवस्थ, १०७ मध्यम, आणि ५२८ सौम्य. म्हणजे दर पाचांतले चार जण सौम्य. रुग्णांच्या कपड्यांवरून कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला.

कुठल्याही विषशास्त्रीय मॉडेलने गंभीर रुग्णांचा आकडा अचूक दिला असता, तरी रुग्णालयाच्या दारातली गर्दी त्यात दिसली नसती. विषबाधा झालेला माणूस आणि दारात आलेला माणूस, हे दोन वेगळे आकडे आहेत. औषधाचा साठा पहिल्यावर ठरतो. दारावरची माणसं, कपडे उतरवून अंग धुण्याची सोय आणि ट्रायाज, म्हणजे कोणाला आधी बघायचं ही वर्गवारी, हे सगळं दुसऱ्यावर ठरतं.

तर मग नियोजकाने करायचं काय? थोडक्यात सांगतो.

एक, एकच आकडा मागू नका आणि देऊ नका. दोन-तीन मॉडेलं चालवा, आणि खालचा आकडा, वरचा आकडा दोन्ही सांगा.

दोन, फरक कुठून येतोय ते शोधा. घातांकातून, उतारातून, की 'रुग्ण' या शब्दाच्या व्याख्येतून?

तीन, त्या फरकाने निर्णय बदलतो का ते बघा. ३०० आणि ३२० मध्ये वाद घालण्यात अर्थ नाही. ३०० आणि ४६० मध्ये आहे, कारण तिथे दुसरं फील्ड हॉस्पिटल लागेल की नाही हे ठरतं.

चार, चुकीची दिशा ओळखा. आकडा कमी धरला तर माणसं ताटकळत मरतात. जास्त धरला तर दुसऱ्या आघाडीवरचे डॉक्टर आणि रक्त उगाच इकडे अडकून पडतं. दोन्ही चुकांना किंमत आहे, पण ती सारखी नाही. ही किंमत मॉडेल सांगत नाही. ती जबाबदार माणसाने तोलायची असते.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, इतकी अनिश्चितता असेल तर अनुभवी डॉक्टरचा अंदाजच काय वाईट?*

चांगला प्रश्न. अनुभवी डॉक्टर हवाच. पण रासायनिक घटनेचा अनुभव सुदैवाने फार थोड्यांना असतो. आणि अंदाजाची अडचण अशी, की तो तपासता येत नाही. मॉडेल चुकलं तर नेमकं कुठे चुकलं हे शोधता येतं, कारण त्यातली गृहीतकं कागदावर असतात. मनातली गृहीतकं कागदावर नसतात.

*प्रश्न: याचा आपल्याकडे काय उपयोग? आपण युद्धात नाही.*

भोपाळ आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र, सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली, आणि डॉक्टरांना नेमका वायू कुठला, त्याचा शरीरावर परिणाम काय, हेच धड माहीत नव्हतं. तिथे कुठल्या मॉडेलचा घातांक घ्यायचा हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण मुळात आकडेवारी नव्हती. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७ मध्ये औद्योगिक रासायनिक आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण सूचना कागदावर असणं एक, आणि कारखान्याच्या शेजारच्या रुग्णालयाला 'तुमच्याकडे रात्री दोन वाजता किती माणसं येतील, आणि त्यातली किती सहा तासांनी बिघडतील' हे ठाऊक असणं वेगळं. ज्या जिल्ह्यात क्लोरीन किंवा अमोनियाचे मोठे साठे आहेत, तिथे हा हिशेब शांततेच्या काळातच व्हायला हवा.

*प्रश्न: एकच मॉडेल निवडायचं झालं तर?*

मी उलट विचारेन, कशासाठी निवडायचं? वस्ती हलवायची असेल तर उंबरठ्याचं साधं मॉडेल पुरतं, आणि ते झटपट मिळतं. एकूण खाटांचा अंदाज हवा असेल तर विषभार आणि प्रॉबिट यांची जोडी, उताराकडे नीट लक्ष देऊन. आणि पहिल्या तासापासून तिसऱ्या दिवसापर्यंत कुठल्या पाळीत किती डॉक्टर लागतील हे ठरवायचं असेल, तर वेळेनुसार लक्षणं मांडणारं मॉडेलच हवं. प्रश्न आधी, मॉडेल नंतर. हा क्रम उलटा झाला की आकडा मिळतो, पण उत्तर मिळत नाही.

वेळ झाली आहे, इथेच थांबतो.